मांडव्याचे सागरी ठाणे

मुंबई बंदराच्या मुखाशी, दक्षिणेकडील किनाऱ्यावर मांडवा हे गाव वसलेले आहे. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात ते येते. १९८१ पर्यंत या जिल्ह्यास कुलाबा असे नाव होते आणि जुन्या माणसांच्या तोंडी ते नाव अजूनही येते. गावाच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यापलीकडे कनकेश्वराचा डोंगर आणि समोर अथांग पाणी, असा येथील देखावा आहे. आभाळ निरभ्र असले की मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबईच्या उंच इमारती स्पष्ट दिसतात. सड्या रस्त्याने मुंबई गाठावयाची तर पनवेल, पेण असा शंभर किलोमीटरांच्या आसपासचा वळसा पडतो. समुद्रमार्गे मात्र गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंतचा प्रवास साधारण तासाभराचा आहे. त्यामुळे दूध, भाजी, मासळी, नोकरदार माणसे, विद्यार्थी आणि सुट्टीत येणारे प्रवासी या सर्वांची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरूनच होत आली आहे.

जवळचा मार्ग असला तरी समुद्र हा काही डांबरी रस्ता नव्हे. त्याचा अनुभव या भागाने एकदा फार दारुण रीतीने घेतला आहे. १७ जुलै १९४७ हा दिवस होता. आषाढाची अमावास्या जवळ आलेली, सण घरी साजरा करण्याच्या ओढीने मुंबईतील कोकणी माणसे सकाळीच भाऊच्या धक्क्यावर जमली आणि ‘रामदास’ नावाची आगबोट त्यांना घेऊन रेवसकडे निघाली. मांडव्यापासून रेवस बंदर हाकेच्या अंतरावर आहे. बोट मध्यावर आली तोच पावसाची सर कोसळू लागली आणि वारा पिसाटला. भिजू नये, लाटेचा मारा चुकावा, म्हणून माणसे एका बाजूस सरकली. भरलेल्या बोटीत अशी गर्दी एका अंगास झाली, की बोटीचा तोल जातो. त्यात वरून लाट आली तर ती सावरण्यास अवधी मिळत नाही. काशाच्या खडकाजवळ ‘रामदास’ कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे त्या दिवशी प्राणांस मुकली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळी बांधवांच्या होड्या त्या वाटेवर होत्या, त्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून बुडणाऱ्यांस वर ओढून घेतले. काही थोडे पोहत किनाऱ्यास लागले. एवढा मोठा अनर्थ घडूनही त्याची बातमी मुंबईस पोचावयास दिवसाचा बराच भाग निघून गेला. तोपर्यंत मदतीस जाण्याची वेळ टळली होती.

आज त्याच पाण्यावर पहारा ठेवण्याचे काम जी मंडळी करितात, त्यांपैकी एक म्हणजे मांडव्याचे सागरी पोलीस ठाणे होय. ‘सागरी’ हा शब्द येथे नुसता शोभेचा नाही. सामान्य पोलीस ठाण्याची हद्द नाला, डोंगर किंवा रस्ता यांपाशी संपते. सागरी ठाण्याची हद्द किनाऱ्यापाशी संपत नाही. ती पाण्यात पुढे जाते. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरांचा पट्टा राज्याच्या पोलिसांनी सांभाळावयाचा असतो. त्यापलीकडे तटरक्षक दलाचा पहारा असतो, आणि सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे असते. एकामागे एक अशी ही तीन कुंपणे आहेत असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच, की शेताच्या कुंपणास काटे असतात. पाण्यावरच्या कुंपणास माणसांच्या डोळ्यांशिवाय आणि यंत्रांच्या संदेशांशिवाय दुसरे काही नसते.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. १९९३ च्या आरंभी याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, शेखाडी आणि दिघी येथे, रात्रीच्या अंधारात चोरटी शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. पुढे १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत लागोपाठ स्फोट झाले आणि २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस यांनी मिळून महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यांवर संयुक्त गस्त सुरू केली. तरीही उणीव राहिलीच होती. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा अतिरेकी समुद्रावरच पळविलेल्या ‘कुबेर’ नावाच्या मासेमारी नौकेतून मुंबईजवळ आले आणि लहान होडीतून कुलाब्याच्या कोळीवाड्याशी उतरले. त्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. मग मात्र सागरी ठाणी, गस्तीच्या वेगवान नौका, मच्छीमारांची ओळखपत्रे, नौकांची नोंदणी आणि त्यांस ठरावीक रंग देण्याची पद्धत या सर्व गोष्टींकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले.

ठाण्याच्या आत शिरणाऱ्यास प्रथम दिसतो तो ठाणे अंमलदार. कोणीही तक्रार घेऊन आला, की त्याची पहिली गाठ याच्याशी पडते. कोणाची म्हैस हरवलेली असते, कोणाच्या बांधावरून भांडण झालेले असते, कोणाची दुचाकी रात्रीतून नाहीशी झालेली असते. गुन्हा दखलपात्र असेल, तर त्याची पहिली खबर लेखी नोंदवून घ्यावी लागते आणि तिची प्रत तक्रार देणाऱ्यास विनामूल्य द्यावी लागते. हा उपकार नव्हे, हा नागरिकाचा हक्क आहे. पुष्कळांस तो ठाऊक नसतो. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी खबर घेण्यास नकार देता येत नाही. ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावयाची असते. रात्री-अपरात्री कोण आले, कोणती गस्त केव्हा निघाली, केव्हा परतली, कोठून काय निरोप आला, हे सारे ठाण्याच्या दैनंदिनीत उतरविले जाते. कोणत्याही कथेपेक्षा ही दैनंदिनी रुक्ष असते. पण पुढे न्यायालयात प्रश्न उभा राहिला, तर तिच्यातील एकेका ओळीला मोल येते.

गावागावांत ठाण्याचा हात म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ साली झाला, त्यात पोलीस पाटलाची कामे ठरवून दिलेली आहेत. तो गावातलाच रहिवासी असतो. गावात नवखा माणूस मुक्कामास आला, बेवारस प्रेत सापडले, दोन आळींमध्ये कुरबूर वाढू लागली, तर त्याची वार्ता तो ठाण्यास देतो. किनाऱ्यावरच्या गावांत याच्या जोडीस सागर सुरक्षा दलाचे स्वयंसेवक असतात. हे बहुधा मच्छीमार समाजातील तरुण असतात. तांडेलास समुद्रावरची प्रत्येक ओळखीची नौका दुरून कळते. शिडाची ठेवण, नाळेचा आकार, इंजिनाचा आवाज यांवरून ती कोणत्या बंदराची आहे हे तो सांगतो. शहरातून बदली होऊन आलेल्या शिपायास ही विद्या पुस्तकातून मिळणार नाही. म्हणून सागरी ठाण्याचा अंमलदार कितीही हुशार असला, तरी कोळीवाड्याशी त्याचे सूत जुळले नाही तर त्याचे काम अर्धेच राहते.

या ठाण्याचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालत नाही. ते वाऱ्यापावसाच्या तालावर चालते. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि गेटवे ते मांडवा ही लहान प्रवासी बोटींची वाहतूक पावसाळ्यापुरती थांबते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ असतो, आणि समुद्रही माणसाला जुमानीत नाही. मचवे व होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. अशा वेळी पाणी मोकळे दिसते म्हणून पहारा सैल करून चालत नाही. उलट बंदीच्या काळात दिसलेली प्रत्येक नौका संशयास्पद ठरते. जमिनीवर तर कामाचा भार वाढतोच. झाडे उन्मळून रस्त्यावर पडतात, ओढ्यांना पूर येतो, आणि पाऊस पाहावयास आलेले हौशी प्रवासी उधाणाच्या वेळी लाटांच्या अगदी जवळ जातात. भरतीचे पाणी पायांखालची वाळू कशी ओढून नेते, हे पोहता येणाऱ्यासही उशिरा उमगते. किनाऱ्यावरून हाकलून लावणाऱ्या शिपायाचा त्यांस राग येतो, याला काही इलाज नाही.

३ जून २०२० चा दिवस अलिबाग तालुक्यात कोणी विसरणार नाही. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता. हवामान खात्याचा इशारा आधी मिळाला होता, म्हणून आदल्या दिवसापासूनच महसूल खात्याची माणसे, पोलीस आणि ग्रामपंचायतींचे कर्मचारी किनाऱ्यालगतच्या आणि कच्च्या घरांत राहणाऱ्यांस शाळांच्या पक्क्या इमारतींत हलवीत होते. सांगणे सोपे, करणे कठीण. गोठ्यातील गुरे सोडून यावयास म्हातारी माणसे तयार होत नाहीत. होडी हे ज्याचे सर्वस्व, तो ती दोरांनी बांधल्याशिवाय जागचा हलत नाही. शिवाय ते करोनाच्या साथीचे दिवस होते. एका खोलीत पुष्कळ माणसे एकत्र बसविणे हेही धोक्याचेच होते. वादळ ओसरल्यावर पाहावे तो घरांची छपरे उडालेली, विजेचे खांब वाकलेले, वाड्यांतील नारळी-पोफळी आडव्या झालेल्या आणि दूरध्वनी मुके झालेले. श्रीवर्धन व मुरूडकडे तर बागाच्या बागा भुईसपाट झाल्या होत्या. कुऱ्हाड, करवत आणि दोर ही त्या आठवड्यात पोलिसांचीही हत्यारे ठरली. कारण रस्ता मोकळा झाल्याखेरीज रुग्णवाहिका पुढे जाऊ शकत नव्हती.

श्रावणात नारळी पौर्णिमा येते. कोळीवाड्यांतून वाजतगाजत मिरवणूक निघते आणि सोन्याचा वर्ख लावलेला नारळ समुद्रास अर्पण केला जातो. मग नौका पुन्हा पाण्यावर दिसू लागतात, आणि सप्टेंबरच्या सुमारास प्रवासी बोटीही सुरू होतात. त्यांच्या मागोमाग गणपती येतात. मुंबईचे चाकरमानी गावाकडे लोटतात, अरुंद रस्ते मोटारींनी भरून जातात, आणि विसर्जनाच्या संध्याकाळी प्रत्येक गावच्या किनाऱ्यावर बंदोबस्त ठेवावा लागतो. विसर्जनाची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरविणे फार महत्त्वाचे आहे. ओहोटीत माणसे मूर्ती घेऊन दूरवर आत जातात आणि पाणी फिरले की अंधारात परतण्याची वाट चुकते. हिवाळ्यात पर्यटकांचा हंगाम असतो. किहीम, आवास, सासवणे या गावांत घरोघरी पाहुणे उतरतात. मग वाहतुकीची कोंडी, पाण्यात बुडण्याच्या घटना, आणि अलीकडे वाढलेला एक नवा उपद्रव, म्हणजे भ्रमणध्वनीवरून होणारी फसवणूक. अस्तित्वातच नसलेल्या बंगल्याची सुंदर छायाचित्रे दाखवून आगाऊ पैसे घेतले जातात, आणि कुटुंब सामानासह येऊन पाहते तो त्या पत्त्यावर मोकळी जागा. या चोराचा माग काढावयास समुद्रावर जाऊन उपयोग नसतो. तो बहुधा शेकडो कोस दूर बसलेला असतो. अशी फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविल्यास पैसे अडविण्याची शक्यता असते.

जानेवारीचा पहिला आठवडा मात्र मुलांचा. २ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी महाराष्ट्र पोलीस दलास ध्वज प्रदान केला, त्याची आठवण म्हणून हा सप्ताह पाळतात. ‘सद्‌रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे या दलाचे ब्रीद आहे; सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचा बंदोबस्त, असा त्याचा अर्थ. या दिवसांत शाळेतील विद्यार्थ्यांस ठाण्यात नेऊन बंदुका, बिनतारी यंत्र, कोठडी हे सारे दाखवितात. मुलांचे लक्ष साहजिकच बंदुकांकडे जाते. वास्तविक पाहता ठाण्यात सर्वांत अधिक वापरली जाणारी वस्तू म्हणजे लेखणी होय, आणि तिच्या खालोखाल बिनतारी यंत्र.

वर्षातून साधारणपणे दोन वेळा ‘सागर कवच’ नावाची कवायत किनाऱ्यावर होते. तिचा प्रकार मोठा मौजेचा, पण हेतू गंभीर आहे. पहारेकऱ्यांपैकीच काही जण शत्रू बनतात. ते साध्या वेषात, मासेमारी नौकांतून, खोट्या स्फोटकांच्या पिशव्या घेऊन किनाऱ्यावर गुपचूप उतरण्याचा प्रयत्न करितात, आणि बाकीच्यांनी त्यांस अडवावयाचे असते. रस्त्यांवर नाकाबंदी होते, धक्क्यांवर तपासणी होते, गस्ती नौका अहोरात्र फिरतात. एखादा बनावट शत्रू पहारा चुकवून आत शिरला, तर तेवढ्यापुरती फजिती होते खरी. परंतु कोणत्या खाडीच्या तोंडाशी आपला डोळा चुकला, हे त्यामुळे कळते. अशी फजिती कवायतीत झालेली बरी.

खरी परीक्षा कधी येईल याचा नेम नसतो. १८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, याच जिल्ह्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बेवारस नौका लाटांबरोबर हेलकावे खात असलेली ग्रामस्थांस दिसली. ती सुमारे सोळा मीटर लांबीची होती आणि तिच्यावर माणूस नव्हता. ग्रामस्थांनी पोलिसांस कळविले. आत पाहिले तो तीन एके-४७ बंदुका आणि काडतुसे सापडली. क्षणार्धात सर्व जिल्ह्यात सावधानतेचा इशारा गेला, रस्तोरस्ती नाकाबंदी झाली, मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतचा किनारा जागा झाला. चौकशीअंती उलगडा झाला तो असा : ‘लेडी हान’ नावाची ती नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. मस्कतहून युरोपकडे जात असता जून महिन्यात तिचे इंजिन बंद पडले. तिच्यावरील खलाशांस एका कोरियन युद्धनौकेने वाचविले, पण समुद्र खवळलेला असल्यामुळे नौका ओढून नेता आली नाही. ती तशीच प्रवाहाबरोबर वाहत कोकणच्या किनाऱ्यास लागली होती. घातपाताचा संबंध आढळला नाही. मग एवढी धावपळ फुकट गेली काय? तसे म्हणता येणार नाही. नौका किनाऱ्यास लागण्यापूर्वीच ती गावकऱ्यांच्या नजरेस पडली आणि त्यांनी वेळ न दवडता कळविले, ही त्या दिवसाची खरी कमाई होती. समुद्रावर किंवा किनाऱ्यावर असे काही दिसले तर सागरी पोलिसांसाठी १०९३, तटरक्षक दलासाठी १५५४ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक आहेत.

पोलिसांच्या वर्षभराच्या कामाचा हिशेब दर वर्षी मांडला जातो. किती गुन्हे नोंदले, किती उघडकीस आले, किती खटल्यांत शिक्षा झाली, असे त्यात तक्ते असतात. ते आवश्यक आहेत. परंतु किती घटना घडता घडता टळल्या, हे आकड्यांत मांडावयाचे कसे, हा प्रश्न कोणत्याही देशाच्या पोलिसांस नीटसा सुटलेला नाही. मांडव्याच्या पाण्यावर १४ मार्च २०२० रोजी जे घडले, त्यावरून ही अडचण ध्यानात येईल.

तो शनिवार होता. सकाळी गेटवेहून निघालेली ‘अजंठा’ ही प्रवासी नौका ८८ जणांना घेऊन मांडव्याकडे येत होती. धक्का डोळ्यांसमोर दिसू लागला होता. सुमारे एक किलोमीटर अंतर उरले असेल. उतारू आपापले सामान आवरू लागले असतील. इतक्यात नौकेच्या तळाशी आघात होऊन आत पाणी शिरू लागले आणि ती एका अंगास कलली. बायकामुलांचा आकांत उठला. सत्तर वर्षांपूर्वी ‘रामदास’च्या वेळी जो प्रसंग होता, जवळजवळ तोच, तशाच उतारूंवर, त्याच समुद्रात पुन्हा ओढवला होता. परंतु या वेळी एक गोष्ट निराळी होती. रायगड पोलिसांची ‘सद्गुरू कृपा’ ही गस्ती नौका त्याच भागात होती. तिच्यावरील पोलिसाने आणि खलाशांनी कललेली नौका पाहताच आपली नौका तिकडे वळविली.

बुडत्या नौकेस दुसरी नौका लावणे हे काम दिसते तितके सरळ नसते. फार वेगाने गेले तर उठणाऱ्या लाटेनेच कललेली नौका उलटते. अगदी बाजूस लागले, तर घाबरलेली माणसे एकदम एकाच कडेवर धावतात आणि दोन्ही नौका संकटात सापडतात. शिवाय वाचविणाऱ्या नौकेवर किती माणसे मावतील, याचाही अंदाज तेवढ्याच क्षणांत घ्यावा लागतो. त्या सकाळी ‘सद्गुरू कृपा’ने बहुतेक सर्व उतारूंस आपल्यावर घेतले, उरलेल्यांस मदतीस धावून आलेल्या इतर बोटींनी घेतले. ८८ पैकी ८८ माणसे मांडव्याच्या धक्क्यावर सुखरूप उतरली. दोन प्रसंगांत अंतर होते ते एवढेच, की १९४७ साली त्या वाटेवर कोळ्यांच्या होड्या योगायोगाने होत्या, आणि २०२० साली गस्तीची नौका नेमून दिलेल्या कामावर होती.

सगळ्याच वेळी असे होत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. त्या अपघातानंतर प्रवासी बोटींवर प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालण्याविषयी कडक सूचना निघाल्या. जाकीट उकडते, त्यामुळे छायाचित्र चांगले येत नाही, अशा सबबी सांगणारे उतारू भेटतातच. बोट हलण्यापूर्वी त्याचे बंद नीट आवळले आहेत की नाही, हे पाहणे बोटीवरच्या माणसाचे काम आहे. ते त्याने करावे म्हणून आग्रह धरणे मात्र कोणत्याही लहान-मोठ्या उतारूच्या हाती आहे.

‘अजंठा’चा अपघात झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १५ मार्च २०२० रोजी, भाऊच्या धक्क्याहून मांडव्यापर्यंत मोटारींसह प्रवासी नेणारी मोठी रो-रो नौका सुरू झाली. पावसाळ्यात लहान बोटी बंद असतात तेव्हाही ती शक्य तोवर चालते. तिच्यातून रोज शेकडो माणसे आणि मोटारी उतरतात, म्हणजे धक्क्यावरच्या शिपायास आता पूर्वीसारखा चार महिन्यांचा विसावा उरलेला नाही.